धरण माणसाचे, काठ पाखरांचा

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही आठवी-नववीच्या मुलांना घेऊन इसापूर जलाशयाच्या काठी गेलो होतो. धरणाच्या भिंतीकडे न जाता आम्ही मुद्दाम फुगवट्याच्या उथळ टोकाशी थांबलो. पाणी उतरू लागले होते आणि ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. कडेला शेकाटे आपल्या लांब लाल पायांवर चालत होते. थोडे आत तलवार बदके डोके पाण्यात खुपसून शेपट्या वर करत होती. त्याही पलीकडे काळ्या वारकऱ्यांचा थवा होता आणि एका मातीच्या उंचवट्यावर चक्रवाकाची जोडी बसली होती. एकच दुर्बीण होती. ती हातोहात फिरत होती.

मुलांना आम्ही सांगितले, की यांतली बरीच पाखरे मध्य आशिया आणि सायबेरियाकडून हिवाळ्यासाठी येतात. धरण कधी झाले तेही सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, "सर, १९८२ च्या आधी इथं पाणीच नव्हतं, तर मग ही पाखरं कुठं जायची?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी भूगोल, शेतीचा इतिहास, धरणांचा इतिहास आणि थोडा कायदाही पाहावा लागतो. परत आल्यावर आम्ही तेच केले. पक्षिनिरीक्षणाची सहल ही केवळ पाखरांची नावे पाठ करण्याची सहल नसते, हे त्यातून आम्हाला नव्याने कळले.

नकाशातले निळे डाग

यवतमाळ जिल्ह्याचा आजचा नकाशा घ्या. पुसदजवळ पूस धरणाचा जलाशय दिसतो. महागावकडे निम्न पूस, दिग्रसजवळ अरुणावती, बाभूळगाव तालुक्यात बेंबळा, पैनगंगेवर इसापूर आणि यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा व चापडोह हे जलाशयही दिसतात. आता शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा मनाशी आणा. हे सगळे निळे डाग त्यावरून पुसावे लागतात. उरतात त्या नद्यांच्या रेघा. पूर्वेकडे सीमेवरून वाहणारी वर्धा, दक्षिणेकडे सीमेवरून वाहणारी पैनगंगा आणि त्यांना मिळणाऱ्या बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी या नद्या.

म्हणजे जिल्ह्यातले मोठे तलाव सगळे माणसाने केलेले आहेत. यात नवल नाही. नैसर्गिक सरोवर तयार व्हायला खास कारण लागते. हिमनदीने कोरलेला खड्डा, जमीन खचून झालेली दरी, नदीने सोडून दिलेले वळण किंवा समुद्रकाठची खाजणे यांत पाणी साठून राहते. दख्खनचे बेसाल्टचे पठार जुने आणि उताराचे आहे. पावसाचे पाणी ओढ्यांतून नदीत आणि नदीतून समुद्राकडे वाहून जाते. महाराष्ट्राच्या अंतर्भागातले प्रसिद्ध नैसर्गिक सरोवर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार, आणि तेही आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झालेले! पठाराच्या नेहमीच्या घडणीत तळे बसत नाही, हेच त्यावरून दिसते.

कापसाच्या मुलखात तळी का नव्हती?

यावर कोणी म्हणेल, की विदर्भात जुने तलाव आहेतच. आहेत, पण ते पूर्वेकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत हजारो जुने तलाव आहेत. त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. कोहळी समाजातल्या जाणकारांनी इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी ते बांधले. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध हा त्यांतला नामांकित तलाव. कै. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे तो मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला आहे.

पूर्व विदर्भात तलाव आणि पश्चिमेकडे नाहीत, असे का झाले? याचे उत्तर पिकात आणि मातीत आहे. पूर्वेकडचे मुख्य पीक धान. रोवणीला पाणी लागते आणि पावसाने मध्येच दडी मारली तर हाताशी साठा असावा लागतो. तिथला खडक आणि मातीही वेगळी. यवतमाळचा मुलूख मात्र कापूस आणि ज्वारीचा. इथली काळी माती पावसाचे पाणी स्वतःतच धरून ठेवते. त्या ओलीवर ज्वारी निघते आणि कापूस तग धरतो. काळ्या मातीत पाणी साचून राहिले तर उलट पिकाचे नुकसान होते. तेव्हा शेतकऱ्याला तलावाची तितकी निकड नव्हती.

राज्यकर्त्यांनाही ती वाटली नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी या भागांचा मिळून जिल्हा झाला आणि पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद तालुका त्यात आला. या काळात इंग्रजांचे लक्ष कापसावर होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. इथे रेल्वे आली, सडका झाल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. मोठे पाटबंधारे मात्र झाले नाहीत.

आपल्या जिल्ह्यात पाणपक्ष्यांसाठी तळे नव्हते, यामागे खडकाइतकीच कापसाची आणि राज्यकारभाराचीही कारणे होती. पाखरांच्या इतिहासात ज्वारी-कापूस असा येतो.

धरणे आली

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. राज्यातल्या पाण्याचा एकत्र विचार करण्यासाठी स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल १९६२ साली आला. पुढच्याच वर्षी पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. पूस धरण १९७१ मध्ये पुरे झाले. १९७२ च्या दुष्काळाने धरणांची मागणी गावोगाव नेली. १९८२ मध्ये इसापूर, १९८३ मध्ये निम्न पूस, १९९४ मध्ये अरुणावती आणि त्यानंतर बेंबळा अशी ही मालिका आहे.

इसापूरची साठवणक्षमता सुमारे सव्वाशे कोटी घनमीटर आहे. या जलाशयाला आणखी एक इतिहास आहे. इंग्रजी अमलात पैनगंगा ही सरहद्द होती. उत्तरेचा काठ वऱ्हाडचा आणि दक्षिणेचा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. आज त्याच दोन काठांवर यवतमाळ आणि हिंगोली हे जिल्हे आहेत आणि मध्ये एकच पाणी आहे. या पाण्याखाली शेते गेली, गावे गेली, देवळे आणि आमराया गेल्या. काठावरच्या वृद्धांशी बोललात तर ते पाण्यातल्या एखाद्या जागेकडे बोट दाखवून आपली विहीर कुठे होती ते सांगतात. पाखरे पाहायला गेलेल्या मुलांनी हेही ऐकायला हवे. जलाशयाची किंमत कोणी दिली हे माहीत नसेल, तर त्याचे सौंदर्य अर्धेच कळते.

उथळपणाचे महत्त्व

पाणी आले म्हणजे पाखरे आलीच, असे होत नाही. भिंतीजवळच्या खोल पाण्यावर पाणकावळे, सुरय आणि एखादी मोरघार दिसते. बाकी शुकशुकाट असतो. गर्दी असते ती फुगवट्याच्या टोकाला. कारण पाणपक्ष्यांचे अन्न उथळ पाण्यात असते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो तिथेच पाणवनस्पती रुजतात, त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी आणि लहान मासे वाढतात.

शिवाय प्रत्येक पक्ष्याचे एक माप ठरलेले असते. छोटा कंठेरी चिखल्या ओल्या चिखलावर धावून टिपतो. शेकाट्या गुडघाभर पाण्यात शिरतो. त्याचा गुडघा म्हणजे आपली वीत. तलवार आणि थापट्या ही बदके बुडी मारत नाहीत. डोके खाली घातल्यावर मान जिथवर पोचेल तिथवरचे ती खातात. वारकरी बुडी मारून थोडे अधिक खोल जातो, पाणकावळा त्याहूनही खोल. चमचा पक्षी चोच उघडी ठेवून पाणी डावी-उजवीकडे चाळतो. हातभर खोलीच्या उताराच्या काठावर ही सगळी पंगत एकमेकांना न अडवता बसू शकते.

धरणाच्या पाण्याला आणखी एक सवय असते. ते दिवाळीनंतर हळूहळू उतरते. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत दर आठवड्याला नवा ओला पट्टा उघडा पडतो. जणू दर आठवड्याला ताट नव्याने वाढले जाते. त्याच पट्ट्यात शेतकरी गाळपेर करतात. हरभरा, गहू, भुईमूग, टरबूज अशी पिके घेतात. माणूस आणि पाखरू दोघेही एकाच उतरत्या पाण्याच्या मागे चालत असतात.

गाळाने घडवलेले अभयारण्य

याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण यवतमाळपासून दूर, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वर येथे १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा बांधला गेला. हेतू कालव्यांना पाणी देण्याचा. वरच्या अंगाने नद्यांनी गाळ आणला आणि तो बंधाऱ्यामागे साठत गेला. अभियंत्याच्या हिशेबात हा तोटा, कारण गाळाने साठवण घटते. पण त्या गाळातून बेटे झाली, त्यांवर लव्हाळी आणि पाणकणीस वाढले, मध्ये उथळ डबकी राहिली. पाखरांनी ती जागा घेतली.

डॉ. सालिम अली यांनी ही जागा पाहून तिला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे सांगतात. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झाले. पुढे तिथली १४३७ हेक्टर जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर यादीत गेली आणि जानेवारी २०२० मध्ये तसे जाहीर झाले. महाराष्ट्राची ही पहिली रामसर जागा. लोणार त्याच वर्षी यादीत आले, ठाण्याची खाडी २०२२ मध्ये. राज्याची पहिली रामसर जागा म्हणजे गाळाने भरलेला एक पाटबंधारा आहे, ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

पैठणच्या जायकवाडी जलाशयावर १९८६ मध्येच पक्षी अभयारण्य झाले. १९८० च्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी येऊ लागले आणि लोक ते पाहायला जाऊ लागले. आपल्या इसापूरलाही २०१४ मध्ये अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३८ चौरस किलोमीटर आहे. धरण आधी, पाखरांची जागा नंतर, हा क्रम या सर्व ठिकाणी सारखा आहे.

भरतपूरचा धडा

ज्या भरतपूरशी आपण तुलना करतो, ते तरी नैसर्गिक आहे का? तेही नाही. अठराव्या शतकात राजा सूरजमलच्या काळात अजान बांध घातला गेला आणि सखल जमिनीत पाणी साठले. पुढे संस्थानिकांनी बांध आणि झडपा घालून ती बदकांच्या शिकारीची जागा केली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा, की १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. त्यांच्याच प्रयत्नांनी पुढे ही जागा वाचली. १९८१ मध्ये ती रामसर यादीत आली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरली.

पण भरतपूरचा खरा धडा पुढचा आहे. १९८२ साली राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला बंदी झाली. त्यावरून संघर्ष झाला आणि पोलीस गोळीबारात गावकऱ्यांचे बळी गेले. गुरे गेली म्हणजे पाखरांचे भले होईल, असा सर्वांचा समज होता. त्या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ तिथे वर्षानुवर्षे नोंदी घेत होते. त्यांना उलटे दिसले. म्हशी पाण्यातले गवत खात असत, ते आता बेसुमार वाढले. उघडे पाणी झाकले गेले आणि अनेक पाणपक्ष्यांना जागा कमी पडू लागली. म्हशीही त्या पाणथळीचा एक भाग होत्या.

हा धडा शिकवताना काळजी घ्यावी लागते. गुरे कुठेही, कितीही सोडावीत असा त्याचा अर्थ नाही. माणसाने घडवलेल्या पाणथळीतून माणसाला काढून टाकले की ती आपोआप 'नैसर्गिक' होत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. काय ठेवायचे आणि काय थांबवायचे हे पाहून, मोजून ठरवावे लागते.

मग पाखरे पूर्वी कुठे जात?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पाखरे कुठून कुठे जातात हे कळायलाच माणसाला फार काळ लागला. डेन्मार्कमधल्या व्हीबोर्ग गावी मॉर्टेन्सेन या शिक्षकाने १८९९ मध्ये मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता असलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. शास्त्रशुद्ध कडीबंधनाची ही सुरुवात एका शाळामास्तराने केली, याचा आपल्याला अभिमान वाटावा. भारतात १९२६ च्या सुमारास धार संस्थानात बदकांना कडी घालण्याचे प्रयोग झाले. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या, म्हणजे पैनगंगेच्या दक्षिणेकडच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी केली. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासानूर जंगलातला ताप आढळला. स्थलांतर करणारे पक्षी रोगाची गोचीड दूरवर नेतात का, हा प्रश्न पुढे आला. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मोठ्या प्रमाणावर कडीबंधनाचे काम हाती घेतले. आज उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे पक्ष्यांच्या पाठीवर बसवतात. हिमालय ओलांडणारे पट्टकादंब ७००० मीटरहून अधिक उंचीवरून गेल्याच्या नोंदी त्यांतूनच मिळाल्या.

या सगळ्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. बदके आणि कादंब एखाद्या ठरावीक तळ्याशी जन्मभर बांधलेली नसतात. त्यांचा प्रदेश ठरलेला असतो. त्यातल्या जागा पाऊसपाण्याप्रमाणे बदलतात. एका तळ्यात पाणी नसेल तर ती दुसरे शोधतात. धरणे होण्यापूर्वी नद्यांतले बारमाही डोह, पावसाळ्यानंतर काठांवर राहिलेली डबकी, गावतळी आणि पूर्वेकडचे मालगुजारी तलाव ही त्यांची ठिकाणे होती. नवा जलाशय भरला की जाता-येता तो थव्यांच्या नजरेस पडतो आणि अन्न मिळाले तर पुढच्या वर्षी थवा पुन्हा उतरतो.

उत्तराची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. धरणाने बदकांना दिले, तसे नदीच्या पाखरांकडून घेतले. नदी सुरय, छोटा आर्ली आणि नदी टिटवी हे पक्षी उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटांवर जमिनीतच अंडी घालतात. धरणाच्या वर ती बेटे बुडतात. खाली भर उन्हाळ्यात अवेळी पाणी सुटले तर अंडी वाहून जातात. वाळूउपशाने उरलीसुरली बेटेही जातात. धरण आले आणि पाखरे वाढली, हे वाक्य अर्धवट आहे. धरणाने पाखरे बदलली, असे म्हणणे अधिक बरोबर.

पाणथळ कशाला म्हणायचे?

हा प्रश्न शब्दांचा नाही, त्यावर या काठांचे भवितव्य ठरते. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. करारातली व्याख्या उदार आहे. पाणथळ नैसर्गिक असो की कृत्रिम, कायमची असो की हंगामी, ती पाणथळच.

आपल्या देशात २०१० साली केलेल्या नियमांत जलाशय आणि तलाव यांचा समावेश होता. त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमांत मात्र पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेली कृत्रिम जलस्थाने व्याख्येतून वगळली आहेत. आता यवतमाळचा नकाशा पुन्हा पाहा. इसापूरला वन्यजीव कायद्याचा आधार आहे, कारण तिथे अभयारण्य आहे. पण बाकीचे जलाशय सिंचनासाठी किंवा शहराच्या पाण्यासाठी बांधलेले. त्यांवर हजार बदके उतरली तरी या नियमांच्या भाषेत ते पाणथळ नव्हेत! त्याच राज्याची पहिली रामसर जागा मात्र कालव्यासाठी बांधलेला बंधारा आहे.

असे वगळण्यामागेही कारण आहे. धरण हे शेतकऱ्यासाठी आणि तहानलेल्या शहरासाठी बांधलेले असते. यवतमाळ शहराने पाणीटंचाईचे उन्हाळे सोसले आहेत. पाखरांसाठी पाणी सोडू नका, असे तिथे कोणी म्हणू शकत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. पाखरांची गरज मुळात पाण्याच्या साठ्याची नाही, काठाची आहे. आणि काठाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

उदाहरण गाळाचेच घेऊ. २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. गाळ काढला की साठवण वाढते आणि तो गाळ हलक्या जमिनीत टाकला की पीक सुधारते. योजना शेतकऱ्याच्या हिताची आहे. पण गाळ काढायचा हंगाम एप्रिल-मे, आणि टिटवी, आर्ली, सुरय यांची अंडी उघड्या काठांवर असण्याचा हंगामही साधारण तोच. कुठला भाग खोदायचा आणि फुगवट्याचे कुठले उथळ टोक त्या हंगामात सोडायचे, हे आधी ठरवले तर दोघांचेही काम भागते. ठरवण्यासाठी मात्र कोणीतरी आधी नोंद केलेली हवी. इथे शाळा उपयोगी पडते.

शाळेने काय करावे?

पहिली गोष्ट, शाळेजवळचा एकच जलाशय निवडावा आणि त्याची एकच जागा. दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच सुमारास, त्याच वेळी मोजणी करावी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते; तोच महिना धरावा. ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा, २०२० पासून राज्यात पक्षीसप्ताह म्हणून पाळला जातो. दुसरी मोजणी तेव्हा करता येईल. सूर्य पाठीशी असावा, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि थवा उडेल इतके जवळ जाऊ नये. उडालेल्या थव्याची भूक वाढते, आपले ज्ञान वाढत नाही.

दुसरी गोष्ट, मोजणीबरोबर पाण्याची पातळी लिहावी. खुंटी ठोकून पाणी कुठवर होते ते नोंदले तरी चालेल. पाच वर्षांनी पातळी आणि पाखरे यांचा आलेख मुले स्वतः काढतील. गणिताच्या तासाला याहून चांगला माल मिळणे कठीण.

तिसरी गोष्ट इतिहासाच्या शिक्षकांसाठी. धरणापूर्वीचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे मिळवून त्यांवर आजच्या पाण्याची कड आखावी. कोणती शिवारे, कोणते ओढे, कोणता डोह पाण्याखाली गेला ते पाहावे. मग विस्थापित गावांतल्या वृद्धांना, काठावरच्या गुराख्यांना, मासेमारी करणाऱ्या भोई-ढिवरांना भेटावे. डोहावर कोणती पाखरे येत, कोणत्या महिन्यात येत, त्यांना काय नावे होती, हे विचारावे. पुस्तकातले नाव आणि गावातले नाव दोन्ही लिहावीत. ही माणसे आता थकली आहेत. हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही.

परतताना आम्ही त्या मुलीला सांगितले, की तुझ्या प्रश्नाचे थोडे उत्तर पुस्तकांत आहे आणि बरेचसे तुझ्या आजीजवळ असेल. तिची आजी पैनगंगेच्या काठच्या गावातली. पुढच्या सोमवारी ती वहीचे एक पान घेऊन आली. त्यावर आजीने सांगितलेली नावे होती, डोहाचे नाव होते, आणि खाली तिने स्वतःचा एक प्रश्न लिहिला होता : उन्हाळ्यात वाळूवर अंडी घालणारी ती पाखरे आता कुठे जातात?